मामींच्या छपरावरची फांदी आणि ऑइलचं प्रमाण

वादळात मोडलेली एक भली जाड फांदी मामींच्या छपरावर नुसत्या सालीच्या आधाराने लोंबकळत होती. छपराखाली मामींचे यजमान अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. सबब, फांदी तातडीने तोडणे आवश्यक होते, आणि याबाबत उद्यान विभागात कोणतेही दुमत नव्हते.

"तोवर खाट दुसऱ्या खोलीत हलवा की," उद्यान अधिकारी म्हणाले.

"दुसरी खोली असती तर तुमचं तोंड बघायला आले असते का?" मामी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. खुर्ची साहेबांची होती. साहेब उभे राहिले.

विभागाकडे मोटारकरवत होती. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजायचं, नाहीतर पिस्टन कोरडा घासून जागीच जाम. आता किती पाजायचं? करवतीवर लिहिलं होतं, पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. ऑइलच्या बाटलीवर लिहिलं होतं, पन्नासाला एक.

"बाटलीचं ऐकावं तर करवतीचा अवमान," साहेब गंभीरपणे म्हणाले, "आणि करवतीचं ऐकावं तर बाटलीचा."

"आम्ही चार जावा एका चुलीवर नांदलो. तुम्हाला दोन आकडे नांदवता येईनात?"

साहेबांना ते लागलं. मधलं प्रमाण मंजूर झालं. करवतवाल्याने मापाचा पेला पुसायला घेतला, तेवढ्यात भांडारपाल दारात उभा राहिला.

"पेट्रोलमध्ये दुसरा पदार्थ मिसळणे म्हणजे भेसळ. माझ्या भांडारातलं पेट्रोल शुद्ध आहे."

"मग ऑइल कशाला ठेवलंयत?" मामींनी विचारलं.

"पेट्रोलमध्ये मिसळायला. पण तेही शुद्धच ठेवलंय."

मुद्दा बिनतोड होता. साहेबांना तोडगा सुचला. टाकीत निव्वळ पेट्रोल भरावे. ऑइलची बाटली सीलबंद अवस्थेत करवतीला सुतळीने बांधावी. मिश्रण यंत्राने स्वतःच्या जबाबदारीवर करून घ्यावे.

"गळ्यात औषधाची बाटली बांधून कुणाचा ताप उतरलाय?" मामी म्हणाल्या.

"बाई, तांत्रिक बाबतीत भावना आणू नका."

करवतवाल्याने सुतळी आणली. चांगली दुहेरी गाठ मारली.

छपरावर करवत सुरू झाली. अत्यंत शुद्ध आवाजात किंचाळली, फांदीला नखभर ओरखडा काढला आणि जाम झाली. हादऱ्याने फांदी मात्र वीतभर खाली आली. साहेबांनी खालूनच पाहणी केली. यंत्राने मिश्रणात कुचराई केली आणि फांदीने सहकार्य केले नाही, असा निष्कर्ष काढून ते जीपमध्ये बसले.

एव्हाना गल्ली जमली होती.

"माझ्या मेव्हण्याची स्कूटर चाळिसाला एक घ्यायची," शेजारचा शिंपी म्हणाला.

"म्हणूनच तो पायी फिरतो," पेपरवाला म्हणाला. "तिसाला एक. डोळे मिटून."

"जास्त ऑइल घातलं की धूर किती होतो, माहितेय का?"

"कमी घातलं की काय होतं ते आत्ताच बघितलंस ना? बापाला शिकवतोस?"

गल्लीत दोन तट पडले. शिंप्याच्या बायकोने पेपरवाल्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. वर साल चरचरत होती.

मामी घरात डोकावल्या. यजमानांचे डोळे वासे तपासत होते.

"तुटली का?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"चर्चा चाललीय. पडून राहा."

मग पदर खोचून त्या कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेल्या आणि दोन मुठींची हातकरवत मागून आणली. शिडी लावली. उतारवयात छपरावर चढल्या, फांदीच्या बेचक्यावर करवतीचे दात टेकवले आणि एक मूठ घट्ट धरली. या करवतीला पेट्रोल लागत नाही, ऑइल लागत नाही. समोर एक माणूस लागतो. दुसरी मूठ हवेत हलत होती.

खाली वाद रंगात आला होता.

इथवर वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एक आकडा पक्का केलाच असेल. बरोबरही असेल तो, नाही कोण म्हणतंय? पण मामी वरून तुमच्याकडेच बघताहेत.

"आकडा राहू द्या," त्या म्हणताहेत. "हे टोक धरता का?"