वऱ्हाड म्हंजे संदर्भ

राहुरीच्या कृषी विद्यापीठात माझ्या पीएच.डी.चे गाईड होते तांबे सर. श्रीगोंद्याकडचे, पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे. आणि हा माणूस ज्वारीवरच्या खोडमाशीबद्दलसुद्धा लग्नाच्या भाषेत बोलायचा.

माझं पहिलं प्रकरण वाचून म्हणाले, "लेका, मांडव लई मोठा झालाय. नवरी कुठं बसलीय तेच दिसंना."

मी लांबलचक प्रस्तावना कापून दोन पानांवर आणली. सर खूश. "आता कशी उठून दिसती बघ!"

आपल्याला सरांची भाषा कळायला लागली, असं मला वाटलं. तिथंच घात झाला. दुसरं प्रकरण चाळून ते म्हणाले, "हे लई सुनंसुनं वाटतंय. वऱ्हाड बोलव की!" मी उत्साहानं विभागातल्या तीन प्राध्यापकांना रविवारी सकाळी सरांच्या घरी चर्चेला बोलावून आलो. तिघं पोचले तेव्हा सर अंगणात बनियनवर, तोंडाला साबण लावून दाढी करत होते.

चहा पिऊन पाहुणे गेल्यावर सर माझ्याकडे वळले. "येड्या, वऱ्हाड म्हंजे संदर्भ! आधी कोनी काय काम केलंय ते लिहायचं. मानसं कशाला आनलीस?" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग दुष्काळाचं साल आलं. कणसं धरायच्या आधीच माझा प्रयोगाचा प्लॉट वाळून गेला. मी ट्रंक भरली. गावी, तिसगावला जाऊन शाळेत मास्तरकी करायची, असं ठरवलं. सरांना सांगायची हिंमत होईना. शेजारच्या खोलीतल्या मित्रानं परस्पर सांगितलं.

दुपारी सर होस्टेलवर आले. हातात डबा. आता मोडलेल्या लग्नावर भाषण ऐकावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण सर खाटेवर बसले आणि डबा उघडला. भाकरी आणि तळाला लागलेलं पिठलं.

"जेव आधी."

निम्मी भाकरी झाल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पुढच्या साली परत पेरू. बियानं ठेवलंय मी." मग उरलेली भाकरी माझ्याकडे सरकवली. "आन् तू गेलास तर संध्याकाळचं माज्याशी बोलायला कोन हाय हितं?"

जेवण झाल्यावर ट्रंक उघडली आणि कपडे परत दोरीवर टाकले.

पुढच्या साली ज्वारी चांगली आली, प्रबंधही पुरा झाला. तोवर रोज संध्याकाळी सरांकडे चहाला जायची सवय लागली होती. पदवी मिळाल्यावर पुण्याहून नोकरीसाठी बोलावणं आलं. मी राहुरीतच राहिलो.