मापात बसलेला जावई

"तुझ्या बाबांना एका संध्याकाळीत खिशात घालतो की नाही बघ," असं डोळे तपासून चष्मे विकणाऱ्या चष्मेवाल्याने होणाऱ्या बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिचे बाबा म्हणजे वजनमापे निरीक्षक. सदतीस वर्षं दुकानादुकानांतली मापं तपासून गेल्याच आठवड्यात निवृत्त झालेले. लग्नाला त्यांचा होकार तेवढा यायचा होता. नोकरीत असताना त्यांनी कुणाच्या दुकानात पाण्याचा घोटही घेतला नव्हता, त्यामुळे आता एकदा सिगार बारमध्ये पाय पसरून बसायची त्यांना हौस होती.

अडचण एकच. शहरात सिगार बार एवढा एकच होता, आणि तिथे चष्मेवाला दोन वर्षं दर शुक्रवारी न चुकता हजेरी लावत होता. सासरेबुवांना मात्र त्याने सांगितलं होतं की आपण दारूला शिवतही नाही. तेव्हा त्याने दुपारीच बारवाल्याला फोन केला.

"आज मला ओळखायचं नाही. मी फक्त लिंबू सोडा पिणार."

"आपण कोण बोलताय?" बारवाला म्हणाला. गडी तयारीचा होता.

संध्याकाळ झकास सुरू झाली. चामड्याच्या खुर्च्या, मंद दिवे, लाकडी पेटीतले सिगार. बारवाल्याने चष्मेवाल्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. सासरेबुवांनी खिशातून टेप काढून आपला सिगार मोजला.

"कार्डावर सहा इंच लिहिलंय. भरतो पावणेसहा. जाऊ दे, आता मला काय करायचंय!" त्यांनी तो पेटवला, दोनदा खोकले आणि मागे रेलले.

मग कॉकटेलची पाळी आली. बारवाल्याने समोरच स्टीलच्या मापाने व्हिस्की ओतली, आणि सासरेबुवांची पाठ खुर्चीपासून सुटली.

"ते माप जरा बघू."

"काका, आज निवांत बसायचं ठरलंय ना?"

"मी निवांतच आहे." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रेघांची काचेची नळी काढली, माप पाण्याने भरून तिच्यात ओतलं आणि नळी डोळ्यांसमोर धरली. "साठ मिली म्हणता. हे बावन्न आहे."

बारवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या टेबलांवरची मंडळी आपापले ग्लास घेऊन उठली. "आमचंही बघा की!" बघता बघता रांग लागली. सासरेबुवांचा चेहरा असा खुलला, जणू निवृत्ती रद्द झाल्याचा कागदच हाती पडला. म्हातारा खूश आहे, म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं चष्मेवाल्याला वाटलं.

तेवढ्यात घाबरलेल्या बारवाल्याने साक्षीदार शोधला.

"साहेब, मापात पाप असतं तर गिऱ्हाईक टिकलं असतं का? यांनाच विचारा. दोन वर्षं, दर शुक्रवारी, दोन-दोन पेग. एकदा तरी तक्रार केली?"

सगळी रांग चष्मेवाल्याकडे वळली. त्याने सोड्याच्या ग्लासाआड तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण ग्लास लहान होता. आता लग्न मोडलंच, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

सासरेबुवांनी डायरी काढून शांतपणे हिशेब मांडला. "पेगमागे आठ कमी. दोन वर्षांत दीड लिटरहून जास्त दारू तुम्ही प्यायलाच नाहीत."

"म्हणजे... हे माझ्या बाजूनेच झालं ना, काका?"

"पिता, ते एक वेळ चालेल. खोटं बोललात, तेही चालेल. माझ्या सासऱ्यांशी मीही बोललो होतो. पण जगाचे डोळे तपासता, आणि दोन वर्षं नाकासमोर काटा मारला जातोय ते दिसलं नाही?" त्यांनी सुस्कारा सोडला. "लग्नाला माझा होकार आहे. मात्र घरचा किराणा आणि दूध माझी मुलगीच आणेल."

पुढच्या शुक्रवारी चष्मेवाला बारमध्ये पोचला, तर त्याच्या नेहमीच्या खुर्चीत सासरेबुवा रेलले होते. बारवाल्याने नवं कोरं माप आणलं होतं, साठाला साठ भरणारं. चष्मेवाल्याला पाहताच त्याने न विचारताच समोर ग्लास ठेवला.

लिंबू सोडा. तोही मोजून.