म्हाळू भेकराचा फोड

एका जंगलात म्हाळू नावाचं भेकर राहत होतं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण, बाळांनो. हसू नका. बिबट्या दिसला की म्हाळू भुंकायचा आणि सगळं जंगल पळायचं. सगळ्यांचा जीव त्याच्या दोन डोळ्यांवर होता.

एकदा त्याच्या डाव्या डोळ्याखाली फोड आला. आज मोहरीएवढा, तर उद्या बोराएवढा. सूज चढून डोळाच झाकला गेला. डावीकडून बिबट्या आला तर? 

त्या जंगलाची एक रीत होती. आजाऱ्याकडे रिकाम्या हाती जायचं नाही, उपाय घेऊन जायचं. आणि उपाय करण्याआधी दुखणं एकदा दाबून बघायचं.

आधी वानरीणकाकू आल्या. त्यांनी फोड दाबला. "पिकला नाही अजून," म्हणत वर चुना थापला. अस्वलमामांनी दाबला आणि चुन्यावर मध चोपडला. मधाला मुंग्या लागल्या. मग साळूआत्या, म्हणजे साळिंदर, स्वतःचाच काटा घेऊन आली.

"एक टोचा नि मोकळा! डोळे मीट."

"डोळ्याजवळ आहे हो, आत्या!"

"म्हणून तर मीट म्हणतेय."

म्हाळू कसाबसा निसटला. काकूंनी तेवढ्यात फोटो काढून जंगलाच्या ग्रुपवर टाकला. एकशे बारा उपाय आले आणि चाळीस जोडलेले हात.

पाचव्या दिवशी फोड लिंबाएवढा झाला. डोकं ठणकायला लागलं. म्हाळू झुडपाआड एकटाच रडत बसला होता. डावीकडून बिबटेराव आले, ते त्याला दिसलेच नाहीत. त्यांनी जबडा उघडला. चुना, मध, मुंग्या पाहिल्या आणि मिटला.

"शी! काय करून घेतलंयस हे?"

"खा एकदाचं," म्हाळू म्हणाला.

"हे? माझं पोट आहे, उकिरडा नाही." बिबटेराव दोन पावलं लांब बसले. "आधी तोंड धू. गरम झऱ्याच्या पाण्यात स्वच्छ फडकं बुडव, सोसेल इतकंच, आणि दिवसातून चारदा शेक. लावायचं काही नाही. दाबायचं तर मुळीच नाही. माझ्या थोरल्या भावाने दाबला होता. आता तो एका डोळ्याने शिकार करतो. म्हणजे करत नाही."

"आणि वाढला तर?"

"तर घुबड वैद्यांना गाठ, काकूंना नको. मी आठ दिवसांनी येतो. नीट बरा हो."

पाच दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी फोडाला हात न लावता बोललं होतं. म्हाळूने सगळं ऐकलं. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं. 'म्हाळूला शिंगं फुटली,' अशी ग्रुपवर चर्चा झाली. ती त्याला आधीपासूनच होती.

आठव्या दिवशी डोळा लख्ख उघडला होता. बिबटेराव वेळेवर आले, डावीकडूनच. म्हाळूला त्यांची मिशी न् मिशी दिसली. तो खणखणीत भुंकला. जंगल पळालं.

"कृतघ्न!" असं म्हणून बिबटेराव उपाशीच निघून गेले.

संध्याकाळी सगळे जमले. "शेवटी माझाच चुना लागू पडला," काकू म्हणाल्या. हल्ली मात्र कुणाला फोड आला की म्हाळू हळूच कानात सांगतो, "बिबटेरावांना दाखव. हाताला गुण आहे त्यांच्या. फक्त सातव्या दिवशी पळ."

तात्पर्य: ज्याला आपल्याला खायचं असतं, त्यालाच आपल्या तब्येतीची खरी काळजी असते. बाकीचे नुसतं प्रेम करतात. त्यांच्यापासून डोळे सांभाळावेत.