सांबारातली बेटं

पेडणेकर काकांच्या पुढ्यात इडली-सांबार ठेवू नये, असं इथे परदेशात, बॉथेल गावात, आम्ही सगळी मराठी मंडळी एकमेकांना बजावत असतो. काका इडलीचे तुकडे करून सांबारात पसरतात आणि समोरच्याला विचारतात, "हा इंडोनेशिया. आता सांगा, यात देश कुठे आहे?" तो बिचारा तुकड्यांकडे बोट दाखवतो. "चूक. सांबारसुद्धा देशच. नकाशा नीट बघा."

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, कॅप्टन होऊन रिटायर झाले आणि आता इथे मुलीकडे राहतात. नोकरीतली बरीच वर्षं इंडोनेशियाच्या जावा-सुलावेसी बेटांमधल्या समुद्रात गेली. पूर्वी त्या बेटांमधून कुणाचीही जहाजं खुशाल जायची. मग तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून मधलं पाणीही आपलंच, हे जगाकडून कसं कबूल करून घेतलं, ते काका बारशालाही सांगतात. "मायदेशाला ते तानाह आईर म्हणतात. माती-पाणी. आपण पाणी विसरलो." नात पुटपुटते, "आजोबा, नॉट अगेन."

गेल्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसातल्या रत्नाचे वडील वारले. ती सुलावेसीची, वडील मच्छीमार. तिचं व्हिसाचं काम अडकलेलं. गेली असती तर परत येता येईल याची खात्री नव्हती. ती गेली नाही. मी हे काकांच्या कानावर घातलं.

"मला तिच्याकडे ने," ते म्हणाले.

आता हे तिला नकाशा समजावणार, अशी मला धास्ती. पण काकांनी तिच्या भाषेत दोन शब्दांत चौकशी केली, तिला गाडीत बसवलं आणि मला गाडी एडमंड्सच्या समुद्रकिनाऱ्याकडे घ्यायला सांगितली.

बोचरा वारा होता. काका तिच्याशी सावकाश इंग्रजीत बोलू लागले. "माझी बायको गेली तेव्हा मी तुमच्या समुद्रात होतो. जहाज वळवता येईना. खलाशांचा मुकादम तुमच्याकडचा होता. त्याने बादलीने समुद्राचं पाणी वर ओढलं, माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, हात घाल. हेच पाणी तुझ्या गावाला लागतं."

रत्ना वाकली. पाण्यात हात बुडवून बराच वेळ आपल्या भाषेत बोलत राहिली. काका तिची पर्स धरून, पाठ फिरवून उभे होते.

ती उठल्यावर त्यांनी पर्स माझ्याकडे दिली आणि गुडघे धरत खाली बसले. इतक्या वर्षांत काकूंचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. त्यांनी पाण्याला हात लावला.

"सुमन," ते म्हणाले, "जेवलीस का?"