शामरावचा राहिलेला विषय

आमच्या गल्लीतला शामराव अंबाबाईच्या दर्शनाला जातो तेव्हा एक चप्पल महाद्वारात काढतो आणि दुसरी घाटी दरवाजाला. मधलं अंतर एका पायात चप्पल घालून चालतो. लोक विचारतात, पायाला काय झालं? तो सांगतो, "रिस्क विभागली. चोर जोड नेतो. एकटी चप्पल कोण नेईल?" मागं एकदा एक गेलीच. उरलेली घालून हा लंगडत गल्लीत आला, तोंडावर आनंद असा की कुस्ती मारून आलाय. मला म्हणाला, "आण्णा, निम्मं भांडवल वाचलं."

हे सगळं शिक्षणानं झालंय. शामरावनं सगळी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात काढली. रिटायर झाल्यावर माणसं माळ घालतात, नाहीतर कट्ट्यावर बसून पंतप्रधान बदलतात. ह्यानं जुन्या बी.कॉम.चा कागद ट्रंकेतनं काढला आणि युनिव्हर्सिटीत नाव घातलं. एम.एस्सी., अप्लाइड फायनान्स. वर्गातली पोरं ह्याच्या पोरापेक्षा लहान. ती ह्याला अंकल म्हणतात आणि ह्याच्याच वह्या उतरून घेतात.

मी स्वतः तिसरी शिकलोय. पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, आणि चूक मास्तरांची होती हे मी आजपण म्हणतो. जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्या होतो. काहिलीतला पाक बोटावर घेऊन सांगायचो, आता उतरवा. त्याला डिग्री लागत नाही, बोट लागतं. त्यामुळं शामरावच्या शिक्षणाचं मला कौतुक कमी आणि ताप जास्त.

जेवणाचं आवतण आलं की हा घरी दोन भाकरी खाऊन जातो, तिथलं संपलं तर म्हणून. आणि तिथं पुन्हा जेवतो, घरचं जिरलं तर म्हणून. माझ्या नातीला स्थळ आलं, तेव्हा भरल्या बैठकीत ह्यानं नवऱ्या मुलाला विचारलं, "पावणं, तुमची रिस्क काय?" पोरगं दचकलं आणि खरं बोललं, "थोडी शुगर हाय." स्थळ तिथंच मोडलं. आमच्या घरात अजून शामरावला साखर घातलेला चहा मिळत नाही.

ह्या गड्याचे सगळे विषय सुटले. एकच राहिला, डेरिव्हेटिव्हज. दोनदा बसला, दोनदा नापास. मी म्हटलं, "एवढं काय हाय त्यात?"

"आण्णा, दिवाळीला गूळ काय भावानं जाईल, सांगता येतंय?"

"न्हाय."

"मग आजच व्यापाऱ्याशी बोली करून टाकायची. भाव पडला तर तुमी वाचलासा, चढला तर त्यो वाचला. झोप मात्र दोघांस्नी लागती."

मला एका दमात कळलं. मी कट्ट्यावर सांगितलं, दूधवाल्यालापण कळलं. मग हा नापास कसा होतो?

तिसऱ्या खेपेला मी स्वतः त्याला समोर बसवून सगळं म्हणून घेतलं. कुठं अडखळला नाही. मी गल्लीत बोलून गेलो, ह्या बारीला शामराव पास झाला न्हाय तर मिशी उतरवतो.

निकाल लागला. नापास. मिशी शनिवारी उतरवली. शब्द म्हणजे शब्द. घरातलं कुत्रं माझ्यावर भुंकलं.

रविवारी सकाळी मी शामरावला सोलून काढायला त्याच्या घरी गेलो. दार उघडंच. हा टेबलापाशी वही घेऊन बसलेला, फोन स्पीकरवर. मुंबईहून पोरगा बोलत होता, संदीप. तो फायनान्सच्याच लाइनीत नोकरीला आहे. शामरावनं हातानंच बसा म्हटलं.

ह्या बापलेकाचं फोनवरचं बोलणं मी पूर्वी ऐकलेलं आहे. शामरावची बायको वारली, त्या वर्षीचं. जेवला का? जेवलो. पाऊस हाय का? हाय. ठेवतो. खेळ खलास.

"पप्पा, समजा तीन महिन्यांनी सोयाबीन निघणार आहे," संदीप म्हणाला. "भाव पडायची भीती आहे. मग शेतकरी आज काय करेल?"

"आज?" शामराव म्हणाला. "आज बाजारात जाऊन इचारंल की."

पोरगं हसलं. "अहो पप्पा, तसं नाही. थांबा, पहिल्यापासनं सांगतो."

"सांग. सावकाश सांग."

मी शामरावकडं बघितलं. तो वहीत बघत होता. वहीचं पान कोरं होतं. तेव्हा कळलं, हा परीक्षेत येतंय तेच मुद्दाम सोडून येतो.

संदीप शिकवता शिकवता ऑफिसातल्या साहेबाचं सांगायला लागला. मग खोलीच्या मालकाचं. मग परवा भात करपला त्याचं. शामरावनं पेन ठेवलं आणि ऐकत बसला. पाऊण तास झाला.

"पप्पा, हे फोनवर जमणार नाही. पुढच्या पेपराआधी आठ दिवस रजा काढून येऊ का?"

शामरावनं कोरी वही मिटली. मग म्हणाला, "आण्णा बसल्यात हितं."

"आण्णा, तुम्हीच सांगा. खरंच ह्यांना कळत नाही का हो?"

माझा हात मिशीवर गेला. मिशी नव्हती.

"पोरा, मलाबी कळत न्हाय त्ये," मी म्हटलं. "लई अवघड इषय हाय. तू येच."

फोन ठेवून शामराव उठला. चहा टाकतो म्हणाला आणि आत गेला. चहा आला, त्यात साखर दुप्पट होती.