अकराव्या गणिताचं पोतं

अकराव्या गणिताचं उत्तर चौथ्यांदा अठ्ठेचाळीस आलं, तेव्हा बायडाबाईंनी हातातलं उलथणं तव्यावर आपटलं.

"पुस्तकात साठ हायेत अन् तुह्या वहीत अठ्ठेचाळीस. मधले बारा कुठं सांडले?"

"सांडले नाहीत आई. उत्तरच अठ्ठेचाळीस आहे," कावेरी म्हणाली.

"म्हंजे पुस्तक छापणारा येडा, अन् तू एकटी शहाणी?"

कावेरीनं पाचवं कोरं पान उलटलं. बुधवार होता. शनिवारी सगळं संपणार होतं.

सिल्वासात बायडाबाईंची खानावळ होती. मागे चुलींची पडवी, पुढे दोन लांब बाकं, दाराच्या चौकटीवर तोंड खाली करून ठोकलेला घोड्याचा नाल, आणि रोज सकाळी अकराला टेम्पोनं खडोलीच्या कारखान्यांत जाणारे चाळीस डबे. बाईंची शाळा चोपड्याकडच्या गावात दुसरीतच संपली होती. अक्षरांशी त्यांचं फारसं जमलं नाही, पण आकडे मात्र घरचे होते. प्रत्येक डब्याच्या झाकणावर लाल रंगात नंबर होता, आणि अकरा वर्षांत सतरा नंबरचा अळणी डबा अठरा नंबरला गेला, असं एकदाही झालं नव्हतं.

त्यामुळे पोरगी बारावी सायन्सला गेली, तेव्हा तिची गणितं तपासायचं काम बाईंनी कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतलं. वापीच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं भौतिकशास्त्राचं गाइड पानापानानं सुटं झालेलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. बाईंनी गोधडीच्या सुईनं ते शिवलं. मागची उत्तरांची पानं काढून त्यांची वेगळी चोपडी शिवली आणि ती स्वतःच्या कमरेला खोचली. "उत्तरं पोरांच्या हाती द्यायची नसतात," असा त्यांचा कायदा. कावेरीनं गणित करायचं, आकडा सांगायचा. बाईंनी चोपडी काढायची, आकडा पाहायचा आणि लाल पेन्सिलीनं खूण करायची. आकड्यामागे बारीक इंग्रजी शेपट्या असायच्या, त्यांच्याकडे बाई लक्ष देत नसत.

हळदीच्या डब्याखाली इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म दाबून ठेवला होता. शनिवार ही शेवटची तारीख आणि पालकाची सही बाकी. कावेरीचे वडील सुकदेव केव्हाचे तयार होते, पण त्या घरात सुकदेव सही करायचे ती बाईंनी पेन हातात दिल्यावर. आणि बाईंनी अट घातली होती : 'बल आणि गती' या धड्याची चाळीस गणितं, चाळीस डब्यांसारखी, एकही इकडचं तिकडे न होता जुळली पाहिजेत.

"पोरगी हुशार हाये हे शेजारपाजारच्यांनी सांगून काय होतंय? पुस्तकानं सांगावं. नाहीतर उद्या परक्या गावात नापास होऊन बसली, म्हंजे मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

पहिली दहा गणितं बिनतक्रार जुळली. अकरावं अडलं आणि अकरावं जुळल्याशिवाय बाराव्याला हात लावायचा नाही, हाही कायदाच होता.

गणित साधंच होतं. एका कप्पीवरून दोरी सोडली आहे. एका टोकाला चार किलो, दुसऱ्याला सहा किलो. सोडून दिल्यावर दोरीत ताण किती?

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला भास्कर सर आले. सर राजापूरकडचे, सिल्वासात एकटे राहणारे, कावेरीला भौतिकशास्त्र शिकवणारे. वर्गात त्यांची एकाच गोष्टीची दहशत होती : उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क कापायचे. उत्तर बरोबर असो, विद्यार्थी रडो, अर्धा मार्क जायचाच.

सरांनी पहिला घास तोंडात घातला आणि बाईंनी ताटाशेजारी वही ठेवली.

"सर, हे तेवढं बघा बरं."

सरांनी डाव्या हातानं पेन्सिल धरून दोन ओळी लिहिल्या. "अठ्ठेचाळीस. बरोबर आहे हो पोरीचं."

"पुस्तकात साठ हाये."

सरांची पेन्सिल थांबली. बाईंच्या हातातला भरल्या वांग्यांचा डावही ताटावर तसाच थांबला.

"साठ? नीट बघितलंत?"

"सहावर शून्य. म्या काही आंधळी नाही."

सरांनी वहीकडे पाहिलं, मग डावाकडे पाहिलं. वांगी छान तेलावर तरंगत होती.

"हां... म्हणजे असं बघा. जड बाजू सहा किलो. गुणिले दहा, साठ. दोरीला जड बाजूचा भार पेलायचाच आहे ना? मग ताण साठच. कावेरी, घाई केलीस हो तू."

डाव खाली आला. एक नाही, दोन वांगी पडली.

"पण सर," कावेरी म्हणाली, "वजन साठनं खाली ओढतंय आणि दोरी साठनंच वर ओढतेय, तर ते खाली जाईलच कशाला? जागीच नाही का राहणार?"

"ते पुढच्या वर्षाला आहे," सर म्हणाले आणि त्यांनी भाकरी मागितली.

पलीकडच्या बाकावर मंगेश जेवत होता. खडोलीच्या एका कारखान्यात मशीनची देखभाल करणारा, एका वाक्यात मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषा बोलणारा. त्याला राहवलं नाही.

"मावशी, थिअरी छोडो. प्रॅक्टिकल करू. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सवारे कप्पी घेऊन येतो. दूध का दूध, पानी का पानी."

"अन् साठ नाही आले तर?"

मंगेशनं बाईंच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. "आवशे ने! पुस्तकात आहे म्हणजे येणारच."

शुक्रवारी सकाळी दहाला तो तेल दिलेली कप्पी आणि भंगारवाल्याचा स्प्रिंगचा काटा घेऊन हजर झाला. सरांची शाळा दुपारची, तेही आले. घरात भार पेलणारं लाकूड एकच, मोठ्या चुलीवरचं. चुलीवर चाळीस डब्यांचं वरण रटरटत होतं. मंगेशनं स्टुलावर चढून कप्पी टांगली. दोरीच्या एका टोकाला काटा आणि काट्याला सहा किलो तांदळाचं लहान पोतं. दुसऱ्या टोकाला चार किलो गुळाची ढेप. ढेप त्यानं हातानं खाली धरून ठेवली. पोतं वरणाच्या पातेल्यावर पुरुषभर उंच अधांतरी राहिलं.

"बघा मावशी, काटा किती?"

"सहा," बाई म्हणाल्या. आकडा त्यांच्याइतका झटकन कुणाला दिसणार?

"सहा गुणिले दहा, साठ! बराबर?"

"मी म्हटलंच होतं," सर म्हणाले आणि त्यांनी गेल्या रात्रीपासूनचा श्वास सोडला.

"मंगेशदादा, तुम्ही ढेप धरून ठेवलीये," कावेरी म्हणाली. "गणितात सोडून दिलीये. सोडा. आणि आई, वरणाचं पातेलं तेवढं बाजूला घे."

"कशाले?"

"पोतं खाली येईल."

"येईलच कसं?" बाईंनी पदर खोचला. "पुस्तक म्हणतं साठ. सर म्हणतात साठ. हा काटा म्हणतो साठ. साठाचं वजन अन् साठाची दोरी. तूच म्हणालीस ना, मग जागीच राहील म्हणून? पातेलं हलणार नाही. सोड रे मंगेश."

मंगेशनं सरांकडे पाहिलं. सर एक पाऊल मागे सरकले. मंगेशनं ढेप सोडली.

ढेप वर गेली, पोतं खाली आलं. ढेप कप्पीवर आपटून फुटली, पोतं पातेल्यात बसलं आणि उसवलं, आणि जे वरण आत मावलं नाही ते भिंतीवर, मंगेशच्या शर्टावर, सरांच्या चष्म्यावर आणि बाईंच्या कपाळावर गेलं. मागून गुळाचे दोन मोठे खडे टपटप पातेल्यात पडले.

उतू गेलेल्या वरणानं चूल फुसफुसत होती.

"काटा खराब आहे मावशी," मंगेश हळूच म्हणाला. "भंगारमधलाच आहे."

बाईंनी कपाळावरची डाळ निपटली. "आत्ता सहा दाखवले तवा चांगला होता, अन् आता खराब झाला? म्या बघितलंय. पोतं सुटलं तसा काटा उतरला. पाचाच्या जरा अलीकडं."

"चार पूर्णांक आठ," कावेरी म्हणाली.

"तू गप." बाई वरण शोषून घेणाऱ्या तांदळाकडे बघत राहिल्या. "पोतं खाली आलं म्हंजे दोरी हरली. अन् हरलेली दोरी साठाची कशी असंल?"

"तीन दिवस हेच सांगतेय मी!"

"पर छापलंय ना!" बाईंनी कमरेची चोपडी ओढून काढली आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बघ. सहा, त्यावर शून्य, अन् पुढं तो नाल."

"नाल? कसला नाल?"

"हा असा." बाईंनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. "दहापर्यंतच्यांना दुसऱ्या शेपट्या हायेत. ह्याले नाल हाये. म्या म्हणलं, गणित अवघड हाये, शुभाचं म्हणून छापला असंल."

कावेरीनं चोपडीत डोकं घातलं. सरांनीही चष्मा पुसून तिच्यात डोकं घातलं.

"ओहम!" दोघं एकदम ओरडली.

"आई, हे विजेच्या रोधाचं एकक आहे! हे उत्तर दोरीचं नाहीच. हे पान विजेच्या धड्याचं आहे!"

बाईंनी दातानं गोधडीचा दोरा तोडला आणि पानं सुटी केली. कोपरे उंदरांनी खाल्ल्यामुळे पानांचे नंबर राहिले नव्हते, म्हणून त्यांनी पानं गणितांच्या नंबरांवरून लावली होती. दहा संपतात त्या पानामागं अकरानं सुरू होणारं पान. पण अकरानं सुरू होणारी पानं दोन निघाली होती. त्यातलं स्वच्छ पान बाईंनी पुढे घेतलं होतं आणि मळकं शेवटी टाकलं होतं.

आता त्यांनी ते मळकं पान उजेडात धरलं.

"अकरा," त्यांनी वाचलं. "अठ्ठेचाळीस."

"पुढं काय आहे, बाई?" सरांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज वर्गातला होता.

"दोन खांब. मधी तिरकी काठी."

"न्यूटन," सर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

साडेदहा वाजून गेले होते. चाळीस माणसं खडोलीत जेवायची वाट बघणार होती. बाईंनी पातेल्यात दोन घागरी पाणी ओतलं, जाळ वाढवला, हळद-मीठ टाकलं आणि वरणाची खिचडी करून टाकली. गूळ काढायला वेळ नव्हता.

"उरलेली किती हायेत?"

कावेरीनं दप्तरातून दुसरी वही काढली. बारा ते चाळीस, सगळी गणितं सोडवून तयार होती. कायदा मोडल्याची ती वही बाईंनी एकदा पाहिली आणि पहिल्या अकरा डब्यांची झाकणं लावून टाकली.

"सांग."

बाई डबा भरायच्या, कावेरी आकडा सांगायची, बाई मळक्या पानावर बघायच्या आणि झाकण लावायच्या. बारा जुळला, बारा नंबर बंद. तेरा जुळला, तेरा बंद. टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला आणि आत येऊन मुकाट बाकावर बसला. चाळिसावं झाकण लागलं, तेव्हा टेम्पोला अर्धा तास उशीर झाला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सुकदेव शिफ्टवर होते. बाईंनी हळदीच्या डब्याखालचा फॉर्म काढला, हात पदराला पुसले, आणि पालकाची सही स्वतः केली. पाच अक्षरांना पाच मिनिटं लागली. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं, ते तसंच राहू दिलं.

दुपारी डबे परत आले ते चाटूनपुसून. मावशींच्या वरणात गोडवा नाही म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरणाऱ्या गुजराती कामगारांनी निरोप धाडला होता : आजच्यासारखं दर शुक्रवारी पाठवा.

पण ते नंतरचं. टेम्पो गेल्यावर सगळे घाईघाईनं जेवायला बसले. बाईंनी सरांच्या ताटात अर्धाच डाव खिचडी घातली.

"बाई...?" सरांनी वर पाहिलं.

"तुम्ही उत्तर विचारलं सर, एकक विचारलं नाही. अर्धा मार्क गेला."

मंगेश खोखो हसला.

"दात काढू नको. खऱ्या काट्याले खोटं म्हणालास. तुहाही अर्धाच."

कावेरीच्या ताटात मात्र काठोकाठ खिचडी पडली, वर तुपाची धार. ती बोटानं खड्डा करत गालातल्या गालात हसत म्हणाली, "आई, पण पानं कुणी शिवली होती गं?"

सर आणि मंगेश एकदम आपापल्या ताटात बघू लागले.

सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई चुलीशी स्वतःचं ताट घेऊन बसल्या. त्यात त्यांनी डावभर खिचडी घेतली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि अर्धी पुन्हा पातेल्यात ओतली.