संबळ एकच, सोंगं दोन

भोये सरांना मी एकदा घाईत इंग्रजीत मेसेज केला, ‘मला स्टाफरूममध्ये भेटा.’ सर जेवणाचा रिकामा डबा घेऊन आले आणि तो माझ्यापुढे धरून उभे राहिले.

“हे काय?”

“मॅडम, तुमच्या ‘मीट’च्या स्पेलिंगप्रमाणे आज मटण आहे. वाढा.”

जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या आमच्या शाळेत भोये सर इंग्रजी शिकवतात, मी गणित. वेळापत्रकही माझ्याकडेच असल्यामुळे सरांचा तास नेहमी वर्गाबाहेर का भरतो, हे मला विचारावंच लागलं.

कारण बोहाडा. आमच्याकडे होळीनंतर संबळाच्या तालावर देवांचे मुखवटे नाचतात. कुणी कुठलं सोंग घ्यायचं हे घराण्यागणिक ठरलेलं. सरांनी उच्चार सारखा असलेल्या इंग्रजी शब्दांचाच बोहाडा उभा केला. पुठ्ठ्याच्या मुखवट्यावर स्पेलिंग. सूर्याचा ‘सन’ लाल, मुलगा ‘सन’ शेंबडा. सर पत्र्याचा डबा बडवत वाक्य म्हणतात आणि बरोबर मुखवट्यानं पुढे येऊन नाचायचं. चुकीचा आला की सगळी पोरं ओरडतात, “संबळ एकच, सोंगं दोन!”

बाजारातही सरांना चैन नसते. जव्हारच्या एका वह्यापेनांच्या दुकानाची, ‘स्टेशनरी’चं स्पेलिंग चुकलेली पाटी वाचून त्यांनी दुकानदाराला विचारलं, “शेठ, दुकान जागचं हलत नाही हे आम्हाला दिसतंय, पाटीवर कशाला लिहिलंत?” शेठनी पाटी बदलली नाही. सर आले की चहा मात्र सांगतात.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं वीटभट्टीवर जातात, मागोमाग पोरंही. यंदा काशा आपल्या जनीला न्यायला शाळेत आला. जनी वर्गातली सगळ्यात हुशार. एकदा गेली की बहुधा परत येणार नव्हती.

“मास्तर, पोरीला नेतूं. धाकल्याला कोन बघंल तिथं?”

मी हजेरीचे नियम सांगायला तोंड उघडलं. सर शांतपणे म्हणाले, “ने की, काशादादा. पण तिनं सोंग घेतलंय.”

काशा थबकला. त्याच्या घरात मारुतीचं सोंग आहे.

“कंच्या देवाचा?”

“वीक. आठवडा.”

“ह्यो कुठला देव?”

“इंग्रजांचा. परीक्षेनंतर नाचायचाय. आता घेतलेलं सोंग टाकून गाव सोडायचं का, ते तू सांग. तुझ्या घराला जास्त कळतं.”

जनीनं मुखवटा छातीशी धरला होता. काशानं एकदा मुखवट्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे.

“सोंग टाकून नाय जमायचा,” तो म्हणाला. “म्हातारीजवळ ऱ्हाईल. पन धाकला?”

“त्यालाही वर्गात बसव. दुसरा वीक रिकामाच आहे. अशक्त.”

“अशक्तच हाय तो,” काशा हसला आणि बायकोला सांगायला गेला.

तेव्हा कुठे मी मुखवटे नीट बघितले. ज्यांच्या घरची माणसं भट्टीवर जातात, अशा प्रत्येक पोराकडे एक होता. वर्षभर मी त्याला सरांचं वेड म्हणत होते.

“सर,” मी विचारलं, “अजून किती पोरांना पुरतील हे शब्द?”

सर पुठ्ठा कापत होते. मान वर न करता म्हणाले, “इंग्रजीत ढीगभर आहेत, मॅडम. म्हणून तर ही भाषा मला आवडते.”